आधी ब्रेक, मग पिकअप

माझे घरमालक कुठल्याच गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलत नसत. वापी-वलसाडहून आलेल्या माणसाशी ते मराठीत बोलत, डहाणूच्या मराठी माणसाशी गुजरातीत, आणि मुंबईचा कोणी हिंदी-इंग्रजी झाडायला लागला की त्याला सरळ वारली ऐकवत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "आपल्या भाषेत माणूस अर्धंच ऐकतो, बाई. उरलेलं त्याला आधीच ठाऊक असतं. परकी भाषा आली की कान उघडतो." माझ्याशी मात्र मराठीच. "मास्तरणीला कुठल्याही भाषेत सांगा, ती चुकाच काढणार."

तलासरीत हायवेपासून थोडं आत त्यांचं गॅरेज होतं. मागच्या बाजूला दोन खोल्या. त्यातली एक माझी. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा वर्षभरासाठी म्हणून घेतली आणि नऊ वर्षं राहिले. सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणायचा, मी काका म्हणायची. लग्न केलेलं नव्हतं. मूळ वाढवणकडचे, वडील होड्यांच्या इंजिनांची कामं करायचे. काकांनाही इंजिनाचं वेड तिथूनच लागलेलं, पण ते म्हणायचे, "समुद्रात ब्रेक नसतो. म्हणून माझ्या बापाला निम्मं शास्त्र कधी कळलंच नाही. ते मला रस्त्यावर येऊन शिकावं लागलं."

त्यांचं काम एकच, गाडीचा पिकअप वाढवणं. मोठ्या एसयूव्ही यायच्या. मालकाची तक्रार ठरलेली असायची. पाय दाबला तरी गाडी विचार करत बसते, ट्रकला ओलांडताना दम लागतो. काका इंजिन उघडत नसत. बाहेरून नटबोल्टनी बसवता येतील असेच भाग लावत. मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर, टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारा मोठा इंटरकूलर, धूर अडवून न धरणारा सायलेन्सर, आणि शेवटी एक काळा डबा, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. तो वायरींच्या मध्ये जोडला की गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाला जास्त डिझेल द्यायला लागतो. "पायाला जोर, छातीला हवा, डोक्याला झिंग," असं ते या सगळ्याचं वर्णन करत.  पाय म्हणजे टायर आणि ब्रेक. ते आधी. ते नीट झाल्याशिवाय डोक्याला, म्हणजे काळ्या डब्याला, हात नाही.

आणि त्याच्याही आधी सामान उतरवणं. गाडी आली की पहिल्यांदा ते मागचं दार उघडत आणि आतली वस्तू न् वस्तू बाहेर काढून चिंचेखाली मांडत. जाड स्पीकर, पाण्याचे कॅन, सासऱ्यांच्या व्हीलचेअरची मोडकी चाकं, एकाच्या गाडीत तर शिलाई मशीन निघालं होतं. पुढचा लोखंडी गार्ड आणि टपावरचं कॅरियरही खाली. मग रिकामी गाडी मालकाला एक फेरी मारून आणायला सांगत. पाचातला एक जण परत येऊन म्हणे, "अरे, पळतेय की!" त्याला ते तसंच घरी पाठवून देत. त्या दिवशी त्यांना जेवण जास्त जायचं.

वेळ मोजायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं होतं. रविवारी सकाळी झरीच्या बाजूला एक सरळ, मोकळा तुकडा होता, तिथे आम्ही जायचो. मी शेजारच्या सीटवर, हातात शाळेच्या क्रीडा स्पर्धेतलं स्टॉपवॉच. ताशी चाळीसपासून ऐंशीपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मी वहीत लिहायचं. शून्यापासून शंभर ते कधीच मोजत नसत. "शून्यापासून सिनेमातली माणसं निघतात. आपल्याला ट्रकच्या मागून निघायचं असतं." चार वेळा हे झालं की गाडीतून उतरून रस्त्यावर चुन्याची रेघ मारत. मग त्याच वेगाने येऊन त्या रेघेवर ब्रेक दाबायचा आणि गाडी कुठे थांबते तिथे दुसरी रेघ. ते अंतर टेपने मोजून मी लिहायचं. ते अंतर त्यांच्या मनासारखं येईपर्यंत काळा डबा बसत नसे. तोवर गाडीची चावी सुतळीत ओवून त्यांच्या गळ्यात असायची. अंघोळीलासुद्धा काढत नसत. सुरतेचा एक व्यापारी तीन दिवस लॉजवर राहिला होता. रोज येऊन त्यांच्या छातीवरच्या चावीकडे बघायचा आणि परत जायचा.

मला त्यांचं हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. सहकाऱ्यांना मी त्यांचे किस्से रंगवून सांगायची. शाळेतल्या मुलांना वेग आणि अंतर शिकवताना त्यांच्या वहीतलीच गणितं घालायची. माणूस विक्षिप्त आहे, पण त्याच्या हातून कधी वाईट होणार नाही, असं मी ठामपणे म्हणत असे.

माझा धाकटा भाऊ वापीला एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याचं लग्न ठरलं त्या वर्षी त्याने जुनी एसयूव्ही घेतली. गाडी दिसायला रुबाबदार, पण चढावर कुथायची. होणाऱ्या सासरच्या लोकांना रविवारी बोर्डीच्या समुद्रावर न्यायचं होतं, त्याआधी तिच्यात जान आणायची होती. तो मंगळवारी गाडी ठेवून गेला. काकांनी सामान उतरवलं, फिल्टर बदलला, इंटरकूलर बसवला. मागचे दोन टायर गुळगुळीत झाले होते आणि पुढचे ब्रेक पॅड पार झिजले होते. दोन्ही मागवायचे होते. येणार पुढच्या मंगळवारी.

"मग मंगळवारनंतर," काका म्हणाले.

शनिवारी दुपारी भाऊ आला. काका जेवून खाटेवर पडले होते, चावी गळ्यात. तो बाहेरच घुटमळला आणि माझ्या खोलीत आला. "ताई, तू सांग ना. तुझं ऐकतील. डबा बसवला की झालं. ब्रेक लागतायत की अजून, इतकी वर्षं लागतच होते."

मी गेले. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हटलं, "काका, एकदाच. उद्या त्याच्या सासरची माणसं येणार आहेत. मंगळवारी तो स्वतः गाडी आणून देईल. मी हमी देते."

ते उठून बसले. "अंतर मोजलंय का तुम्ही?"

"नाही. पण तो जपून चालवतो, काका. माझा भाऊ आहे तो."

त्यांनी खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या. सहा वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. छत गळायचं तेव्हासुद्धा बादली ठेवली होती, बोलले नव्हते. त्यांनी डबा बसवला, वायरी नीट बांधल्या, आणि मग सुतळी डोक्यावरून काढून चावी माझ्या हातात दिली. भावाच्या नाही, माझ्या. ती अजून गरम होती.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, बोर्डीहून परतताना, झरीच्या अलीकडे भावाने एका टेम्पोला ओलांडलं. गाडी भन्नाट निघाली, तो पुढे सगळ्यांना सांगत होता तसं, पाय ठेवला आणि निघाली. त्याच वेळी डावीकडच्या पायवाटेवरून एक माणूस सायकलवर रस्त्यावर आला. भावाने ब्रेक दाबला. मागची चाकं घसरली. गाडी थांबली, पण सायकलला धडकून.

त्याच गाडीतून भावाने त्याला दवाखान्यात नेलं, ते त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माणूस झरीजवळच्या एका पाड्यावरचा, चाळिशीचा. पावसात स्वतःचं भात करायचा, एरवी उंबरगावला कारखान्यात रोजावर जायचा. त्या दिवशी बहिणीकडून सुकी मासळी घेऊन घरी चालला होता.

सोमवारी सकाळी काका चुना आणि टेप घेऊन एकटेच गेले. मी शाळेत रजा टाकून खोलीत बसले होते. परत आले ते थेट माझ्या दारात. आत आले नाहीत.

"चाकांच्या खुणा आहेत अजून," ते म्हणाले. "मी मोजल्या. पॅड आणि टायर नवे असते तर गाडी सायकलच्या चार फूट अलीकडे थांबली असती. डबा नसता तर तिला तेवढा वेगच आला नसता." आणि मग, "मी पोलिसांकडे जातोय. सांगतो, की मला माहीत होतं."

भावाच्या वकिलांचा त्याच सकाळी फोन येऊन गेला होता. गाडीत काही बदल केले होते हे कुणी बोलू नका, चूक सायकलवाल्याची दाखवता येईल, असं ते म्हणाले होते. लग्न सहा आठवड्यांवर होतं. माझी बदलीची फाइल तालुक्याच्या ऑफिसात होती. हे सगळं माझ्या डोक्यात एकाच वेळी होतं, आणि त्या माणसाच्या पायाचा विचार त्यात कुठे होता ते मला आज सांगता येत नाही. मी म्हटलं, "काका, जायचं तर जा. पण माझं नाव घेऊ नका."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली. "तुमचं नाव कशाला घेऊ? चावी माझ्या गळ्यात होती."

पोलीस ठाण्यात त्यांना विचारलं म्हणे, "तुम्हाला कोणी बोलावलंय?" ते म्हणाले, नाही. ड्यूटीवरच्या हवालदाराने त्यांना चहा पाजला आणि घरी जा म्हणून समजावलं. ते बाकावर बसून राहिले. दुपारी साहेब आले तेव्हा त्यांनी सगळं लिहून दिलं. कोणता भाग कधी लावला, कोणता लावायचा राहिला, तो राहिलाय हे ठाऊक असताना गाडी सोडली. कोणी सांगितलं म्हणून सोडली का, या प्रश्नाला उत्तर, "नाही. माझ्या मनाने."

वकील गॅरेजवर येऊन ओरडून गेले. माझे वडील नाशिकहून फोन करून म्हणाले, असल्या वेड्याच्या घरात राहू नकोस. भाऊ माझ्याशी महिनाभर बोलला नाही, जणू काकांना मीच पाठवलं होतं. पण पुढे त्यानेही कोर्टात खरं ते कबूल केलं. ते काकांमुळेच, त्यांनी आधी सांगून टाकल्यावर त्याला लपवायला काही उरलंच नव्हतं. लग्न पुढे ढकललं गेलं, मग झालं. गाडी विकली. तो आईला घेऊन दोनदा पाड्यावर जाऊन त्या माणसाला भेटून आला. केसच्या प्रत्येक तारखेला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचे आणि बोलावलं नाही तरी दिवसभर बाहेर उभे राहायचे.

गॅरेजवरची पाटी त्यांनी स्वतः उतरवली. लांबून लांबून गाड्या येतच राहिल्या. ते दारातच हात जोडत. सुरतेचा तो व्यापारी दुसरी गाडी घेऊन आला होता, त्याला म्हणाले, "शेठ, हवे ए काम नथी करतो." आता ते काम करत नाही, हे त्याच्याच भाषेत. तो गाडी वळवून परत गेला. मी खिडकीतून ऐकत होते आणि मला कळलं, की आता त्यांना कुणाचे कान उघडायचे नाहीत. पुढे ते ट्रॅक्टर, पंप, भाताच्या गिरणीचं इंजिन असली कामं घ्यायला लागले.

त्या माणसाला नकली पाय बसवायचा ठरला तेव्हा दर गुरुवारी त्याला वलसाडला न्यावं लागे. आधी मापं, मग पाय, मग चालायचा सराव. काकांची स्वतःची एक जुनी जीप होती. ती काढून ते सकाळीच पाड्यावर जात, त्याला आणि त्याच्या बायकोला घेत, आणि संध्याकाळी परत सोडत. हे दीड वर्ष चाललं. जीप चाळीसच्या वर कधी नेली नाही. मागचे ट्रकवाले शिव्या देत ओलांडून जात, असं ती बायको पुढे मला सांगत होती. मिस्त्री आरशात बघून त्यांना हात करायचे, जा म्हणून.

पहिल्या गुरुवारी काका माझ्या दारात येऊन म्हणाले होते, "बाई, जीपमध्ये जागा आहे." मी म्हटलं, आज तपासणी आहे शाळेत. दुसऱ्या गुरुवारीही म्हणाले. मी म्हटलं, पेपर आहेत. तिसऱ्या वेळी मी काहीतरी सांगितलं, ते काय होतं ते आता आठवत नाही. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. आमचं बोलणं सुरूच होतं. ते नरपडहून आणलेले चिकू माझ्या उंबऱ्यावर ठेवायचे, मी भाकरी केली की एक त्यांना द्यायची. मागितलं नसताना एका उन्हाळ्यात त्यांनी माझ्या खोलीचं छत बदलून दिलं. पण मला त्यांच्या डोळ्यांत बघता येत नसे. तो दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता.

बदली झाली नाही. फाइल परत आली. मी तिथेच राहिले.

गेल्या हिवाळ्यात, दुपारी जेवून खाटेवर पडले ते काका उठले नाहीत. मी शाळेतून आले तेव्हा शेजारची माणसं जमली होती. अंत्यसंस्कार त्यांच्या गावी, वाढवणकडे झाले. किनाऱ्यावर भावकीतली माणसं, होडीवाले, तलासरीचे ट्रॅक्टरवाले. गर्दीच्या मागे तो माणूस मला पहिल्यांदा दिसला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून वाळूत उभा होता. नकली पाय वाळूत रुतत होता, तो काढून पुन्हा टेकवत होता. मी लगेच ओळखलं, आणि मान फिरवली. तिथेही.

आठ दिवसांनी, रविवारी, मी झरीला गेले. पाड्यावर घर विचारत विचारत पोचले. तो अंगणात बसून बांबूची पाटी विणत होता. बायको घरातून आली, पाणी दिलं. मी सांगितलं, मी मिस्त्रींच्या मागच्या खोलीत राहते, शाळेत शिकवते. मग वाटेत मनाशी जे घोकत आले होते ते सगळं विसरून गेले आणि नुसतं म्हणाले, "ब्रेकचं काम राहिलं होतं तरी गाडी द्या, असं त्यांना मी सांगितलं होतं. ते द्यायला तयार नव्हते. माझ्यासाठी दिली त्यांनी. पोलिसांना त्यांनी माझं नाव सांगितलं नाही, कारण मी तसं मागून घेतलं होतं."

त्याने हातातली कामटी खाली ठेवली. शिकलेल्या माणसांशी बोलायला म्हणून ठेवलेल्या सावकाश मराठीत तो म्हणाला, "मला माहीत आहे, बाई."

"काकांनी सांगितलं?"

"नाही. कधीच नाही. मी एकदा जीपमध्ये विचारलं पण होतं. तर म्हणाले, 'पुढे बघ, खड्डा आहे.'" तो थोडा हसला. "तुमचा भाऊ आला दोनदा. आई आली. हवालदारसुद्धा येऊन बसून गेला. मिस्त्रींचा तर ठरलेला वारच होता. मी हिला म्हणायचो, त्यांच्याच घरात त्या पोराची बहीण राहते, ती एक कशी येत नाही? ज्याच्या मनात लपवायचं काही नाही तो माणूस येऊन जातो. तेव्हाच कळलं."

 मी पदराने तोंड पुसलं. त्याची बायको माझ्याकडे बघत नव्हती, अंगणातल्या कोंबड्या हाकत होती.

"तीन वर्षं झाली," मी शेवटी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "भेट लांबली."

मग त्याने भिंतीला टेकवलेली काठी घेतली, नकली पायावर भार देऊन उठला, आणि घरातून एक लाकडी पाट आणून माझ्यासमोर ठेवला. मी इतका वेळ उभीच होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.